समजून घ्या : जुन्नरच्या बागेत औषधी वनस्पती पिकवणारे डॉक्टर मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक कसे झाले?

पारगाव : जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाचे गाव आहे. या पट्ट्यातला ऊस आणि कांदा ज्या पाण्यावर उभा राहतो, ते पाणी पश्चिमेच्या सह्याद्रीत पडते आणि डिंभे, माणिकडोह, येडगाव यांसारख्या धरणांत साठते. डोंगरावरचे जंगल गेले, तर खालच्या पाण्याचे काय होईल? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी सातत्याने मांडणारे अधिकारी होते डॉ. अलेक्झांडर गिब्सन. त्यांच्या देखरेखीखालची एक बाग जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळच्या हिवरे गावात होती.

कोण होते गिब्सन?

गिब्सन यांचा जन्म १८०० मध्ये स्कॉटलंडमधला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले. पुढे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले. या कामामुळे ते गावोगाव फिरले. कुठे काय पिकते, कोणत्या डोंगरावर झाडी उरली आहे आणि कुठली तुटली आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

बागेचा आणि औषधांचा काय संबंध?

१८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीतील सरकारी वनस्पती उद्यान गिब्सन यांच्या ताब्यात आले. त्या काळी कंपनीच्या दवाखान्यांना लागणारी बरीच औषधे विलायतेहून जहाजाने येत. ती महाग पडत आणि वेळही लागे. त्यातली शक्य तेवढी इथेच पिकवायची, हा दापोडी आणि हिवरे येथील बागांचा उद्देश होता. तिथे तयार झालेली औषधे मुंबईच्या सरकारी औषध भांडाराला पुरवली जात.

दापोडीच्या बागेतील वनस्पतींची चित्रेही गिब्सन यांनी काढून घेतली. त्यातली दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबराच्या राजकीय वनस्पती उद्यानात आहेत. निकोल डाल्झेल यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासात तो पायाभूत मानला जातो.

इशारा काय होता?

१८४० च्या दशकात मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान हवे होते. शहरांना सरपण आणि कोळसा हवा होता, तर सरकारला शेतसारा वाढवायचा होता. त्यासाठी डोंगरउतार भराभर मोकळे होत होते. गिब्सन यांनी कोकण आणि घाटमाथ्याची पाहणी करून सरकारला कळवले की, जिथे उतारावरची झाडी गेली तिथे झरे आटू लागले आहेत. माती वाहून जाऊन नद्या आणि खाड्या गाळाने भरत आहेत. म्हणजे नुकसान फक्त लाकडाचे नव्हते, पाण्याचेही होते.

१८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले आणि त्यावर गिब्सन यांची नेमणूक झाली. १८६० पर्यंत ते या पदावर होते. देशपातळीवरचे वनखाते १८६४ मध्ये सुरू झाले. मुंबई इलाख्यात हे काम त्याआधी १७ वर्षे सुरू होते. उष्ण कटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांवर ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८५१ मध्ये अहवाल मांडला. त्यातही गिब्सन यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला गेला.

मग वाद कशाचा?

गिब्सन यांचे निदान बरोबर होते. उपाय मात्र सरकारी चौकटीतला होता. उतारावरची झाडी तोडून, जाळून केली जाणारी कुमरी शेती आटोक्यात आणावी, असा त्यांचा आग्रह होता. पण हीच शेती डोंगरातल्या अनेक कुटुंबांचे पोट भरत होती. शिवाय वाचवलेले सागवान अखेर सरकारच्याच कामी येणार होते.

गिब्सन यांचे निधन १८६७ मध्ये झाले. त्यानंतर १८७८ च्या वन कायद्याने मोठी जंगले राखीव झाली आणि गावकऱ्यांच्या चराईवर, सरपणावर बंधने आली. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच वनखात्यावर कडक टीका केली. लोकांचा जंगलावरचा हक्क कायद्याने मान्य होण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

आज हे का महत्त्वाचे?

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागात आजही दोन प्रकारची जंगले टिकून आहेत. एक, १९८५ मध्ये जाहीर झालेले, शेकरूसाठी ओळखले जाणारे भीमाशंकर अभयारण्य. ते सरकारने राखले. दुसरे, गावांनी देवाच्या नावाने पिढ्यान् पिढ्या जपलेल्या देवराया. तिथे लोकांनीच नियम केले आणि पाळले.

जंगल आणि पाणी यांचा संबंध गिब्सन यांनी सरकारला दाखवून दिला. पण त्या जंगलात राहणाऱ्या माणसाला राखणीत वाटा द्यायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या काळात सुटला नाही. धरणाखालच्या शेतकऱ्याचे पाणी ज्या डोंगरातून येते, त्या डोंगरातल्या माणसाला त्या बदल्यात काय मिळते, याचे उत्तर आजही बाकी आहे.