रुडॉल्फ डीझेल आणि गारठलेले इंजिन

डिसेंबर-जानेवारीत हैदराबादला जी थंडी पडते तिला उत्तरेकडील लोक थंडी म्हणणार नाहीत. तरीही त्या दिवसांत तारनाक्याच्या गल्ल्यांतून सकाळी मोटार सुरू करून ती दहा-दहा मिनिटे जागीच घरघरत ठेवणारी मंडळी आढळतात. इंजिन आधी तापवावे आणि मगच गाडी हलवावी, हा समज वडिलांकडून मुलांकडे चालत आलेला आहे. तो कितपत खरा, हे समजून घ्यावयाचे असेल तर एका जर्मन अभियंत्याचे चरित्र पाहावे. कारण त्याचे सारे आयुष्य इंजिनातील उष्णतेच्या मागे खर्ची पडले. त्याचे नाव प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेले असते, पण ते माणसाचे नाव आहे हे वाचणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येते.

रुडॉल्फ डीझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईबाप जर्मन; वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले आणि ह्या परक्या कुटुंबाला घरदार सोडून लंडन गाठावे लागले. तेथे पोट भरणे कठीण झाले, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे शिकावयास धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात तो दाखल झाला. ऐन परीक्षेच्या वेळी विषमज्वराने त्याला गाठले. परंतु १८८० च्या जानेवारीत त्याने ती परीक्षा दिली आणि अत्युत्तम गुण मिळविले.

त्या विद्यालयात कार्ल फॉन लिंडे हे त्याचे गुरू होते. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि उरलेली वाया घालविते, हे लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. आपल्या तारनाक्याजवळच्या लालागुड्यात १८९३ साली निजामाच्या रेल्वेचा कारखाना निघाला, तेव्हा सगळीकडे वाफेचेच राज्य होते. पहाटेची गाडी न्यावयाची तर रात्रीच भट्टी पेटवून कित्येक तास पाणी तापवीत बसावे लागे. खर्च कोळशाचा आणि खर्च वेळेचाही! डीझेलला ह्या दोन्हींतून सुटका हवी होती.

मौज अशी की उष्णतेच्या ह्या उपासकाची पहिली नोकरी बर्फाच्या कारखान्यात होती. लिंडे यांनी शीतयंत्रे बनविली होती. त्यांच्या वतीने डीझेल पॅरिसला बर्फ तयार करू लागला. उरलेल्या वेळात तो अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहत असे. त्यात एकदा स्फोट होऊन तो मरता मरता वाचला. मग त्याने वाट बदलली.

सायकलीच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला असेल. दाबलेली हवा तापते. तिला मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या भागात एकदम कोंबले, तर ती पाचशे अंशांहूनही अधिक तापते; मग तीत तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. ठिणगी नको, काडी नको. १८९२ साली डीझेलने ह्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व पुढल्या वर्षी ते त्याला मिळाले.

कागदावरची कल्पना लोखंडात उतरविणे मात्र फार जड गेले. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या प्रयोगाच्या वेळी तेल पेटले, पण दाब इतका वाढला की मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. डीझेलला त्यात आनंदच झाला, कारण हवेच्या उष्णतेने तेल पेटते एवढे तरी सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते इंजिन स्वतःच्या बळावर चालले. किती वेळ? सुमारे एक मिनिट! कारखान्याच्या पट्ट्याने फिरविले जाणारे इंजिन आता उलट पट्ट्यालाच ओढीत आहे, हे प्रथम एका कारागिराच्या लक्षात आले आणि त्याने न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. त्यानंतर आणखी तीन वर्षे खपून, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी अधिकृत चाचणी झाली, तेव्हा तेलातील उष्णतेचा २६.२ टक्के भाग कामी लागत असल्याचे दिसले. असे इंजिन जगात दुसरे नव्हते.

विकलेले पहिले इंजिन १८९८ साली केम्प्टन गावच्या आगकाड्यांच्या कारखान्यात गेले. काडीवाचून पेटणारे यंत्र काड्या करणाऱ्यांच्या दारी! ते वरचेवर बिघडे. दुरुस्त्या, पेटंटावरील वाद आणि अतिश्रम यांनी डीझेलची प्रकृती ढासळली व त्याला आरोग्यधामात राहावे लागले. पैसा आला तसा चुकीच्या व्यवहारांत गेला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहानसे डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले, आणि ते इतके सुरळीत की पाहणाऱ्यांना तेल बदलल्याचे कळलेही नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डीझेल नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या प्रेताच्या खिशातील वस्तू मुलाने ओळखल्या. तो पंचावन्न वर्षांचा होता व कर्जात बुडालेला होता. हा अपघात की आत्मघात, याचा निर्णय लागलेला नाही.

मोटारीत बसेल असे इंजिन त्याला पाहता आले नाही. बॉश यांचा तेल सोडणारा पंप १९२७ साली निघाला आणि १९३६ साली मर्सिडीजची डीझेल मोटार बाजारात आली. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि विहिरीवर हँडल मारून सुरू करावयाची इंजिने शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. झडप उघडी धरणारा खटका उचलून आधी चाकाला वेग द्यावयाचा आणि मग खटका सोडावयाचा, म्हणजे त्या वेगाच्या जोरावर हवा दाबली जाते. थंडीत हे काम घाम काढी. कारण नळकांड्याचे गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते, आणि घट्ट झालेले वंगणतेल चाकाला सहज फिरू देत नाही. आधुनिक गाडीत विजेने लाल होणारी कांडी त्या हवेला ऊब देते. तिचा दिवा विझेपर्यंत थांबावे हे योग्यच.

एकदा इंजिन सुरू झाल्यावर मात्र उभे राहून ते तापविणे हा तोट्याचा व्यवहार आहे. रिकाम्या इंजिनात तेल थोडे जळते, त्यामुळे उष्णताही थोडीच निर्माण होते. डीझेलचे इंजिन काटकसरी म्हणून तर ते अधिकच सावकाश तापते. अर्धवट जळालेले तेल नळकांड्याच्या भिंतीवरील वंगण धुऊन नेते आणि झीज वाढते. वंगण सर्वत्र पोहोचण्यास अर्धा-एक मिनिट पुरे. त्यानंतर गाडी हळू हाकावी, तापमानाचा काटा वर येईपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये. जुन्या फियाट-अँबॅसडर गाड्यांत कार्ब्युरेटर असे व गार पेट्रोलची नीट वाफ होत नसे, म्हणून चोक ओढून थांबणे तेव्हा भाग होते. आजच्या पेट्रोल गाडीत ते मोजमाप यंत्रच करते. बंद गॅरेजात तर गाडी मुळीच चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राण घेतो.

बसचा चालक सकाळी इंजिन चालू करून थांबतो, त्याला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. त्याच्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. टाकीत पुरेशी हवा भरली असे काट्याने दाखविल्यावाचून त्याने आगाराबाहेर पडावयाचे नसते.