वाद झाले, रोटीबेटी व्यवहार राहिला

राजकारणावरून सख्ख्या भावांनी अबोला धरण्याचा प्रकार नवा नाही. रोमच्या पाठिंब्यावर हेरॉद राजा यहुदियावर राज्य करीत होता, तेव्हा तेथील ज्यू समाजही अनेक पंथांत विभागलेला होता. त्या काळातील जेरुसलेमचे विख्यात धर्मपंडित म्हणजे हिलेल.

हिलेल मूळचे बॅबिलोनियाचे. रोजच्या मजुरीतील अर्धी रक्कम पाठशाळेच्या द्वारपालाला द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात संसार चालवायचा, असा त्यांचा क्रम होता. एके दिवशी काम मिळाले नाही आणि प्रवेशही नाकारला गेला. तेव्हा छपरावर चढून झरोक्यातून प्रवचन ऐकताना ते रात्रभर बर्फाखाली गाडले गेले, अशी कथा ताल्मूद या ग्रंथात आहे. त्यांच्या संयमाची कथा तर अधिक रंजक. हिलेल यांना संताप आणून दाखविण्याची 400 नाण्यांची पैज एकाने लावली. शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी ते स्नान करीत असताना हा गृहस्थ पुन्हापुन्हा दारात येऊन निरर्थक प्रश्न विचारू लागला. प्रत्येक वेळी अंगावर वस्त्र घेऊन हिलेल बाहेर आले व शांतपणे उत्तर देत राहिले. पैज अर्थातच तो हरला.

शम्माय हे त्यांचे समकालीन, बाण्याने कडक. दोघांच्या अनुयायांची दोन घराणी झाली. विधवेच्या दिराशी होणाऱ्या विवाहाच्या नियमांवर त्यांचे इतके टोकाचे मतभेद होते, की एकाने वैध मानलेल्या विवाहाची संतती दुसऱ्याच्या मते अनौरस ठरे. तरीही दोन्ही घराण्यांत सोयरिकी होत राहिल्या. एखादे स्थळ वादातले असेल, तर ते एकमेकांना आधीच कळविले जाई. भांडीकुंडीही निःशंकपणे मागून वापरली जात.

हे चित्र नेहमीच गोड नव्हते. परकीयांशी व्यवहार मर्यादित करणाऱ्या 18 निर्बंधांच्या वेळी शम्मायपक्षाने हिलेलपक्षाच्या माणसांचे प्राण घेतल्याची नोंद जेरुसलेम ताल्मूदमध्ये आहे.

अखेर बहुतेक प्रश्नांत हिलेल घराण्याचा निर्णय ग्राह्य धरला गेला. ते आपल्या मताआधी विरोधकांचे मत मांडत, हे त्याचे एक कारण ताल्मूदमध्ये दिले आहे. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात दोन्ही मते शेजारीशेजारी आढळतात. हिलेल घराण्याने शम्मायपक्षाचे म्हणणे पटून आपले मत बदलल्याची उदाहरणेही तेथेच आहेत.