पदमपूरचे महाकवी भवभूती

नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया सोडले की पुढे आमगाव नावाचे स्टेशन लागते. त्याच्या जवळ पदमपूर म्हणून एक खेडे आहे. चोहीकडे धानाच्या बांध्या, मधून गावाची वाट. पाहणाऱ्याला त्यात नवल वाटावे असे काही नाही. त्या मुलखातून पंढरीस येणाऱ्या कित्येक वारकऱ्यांनाही हे ठाऊक नसते की, सुमारे तेराशे वर्षांमागे संस्कृत भाषेतला एक थोर नाटककार याच गावचा होऊन गेला, असे विद्वानांनी पुराव्यानिशी मांडले आहे. त्यांचे नाव भवभूती. कालिदासाच्या जोडीला ज्यांचे नाव घेतात तेच हे.

संतचरित्रांच्या या मासिकात एका नाटककाराचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळी आणि भाऊबीज उरकली, धान कापणीला आले, की गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, लेकी माहेरी येतात, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक होते ते पार कोंबडा आरवेपर्यंत चालते. पण ज्या साली पाऊस दगा देतो किंवा तुडतुडा धान खाऊन टाकतो, त्या साली गावात वाद पडतो. एक पक्ष म्हणतो की घरात दाणा नाही, सोसायटीचे देणे उरावर आहे, आणि तुम्हाला खेळ कसले सुचतात! दुसरा म्हणतो की वर्षातून एक रात्र माणूस पोटभर हसतो, रडतो, तीही काढून घेता काय? माळकरी मंडळी बहुधा पहिल्या पक्षात बसतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तिथेच बसत होतो. भवभूतींचे शेवटचे नाटक वाचल्यापासून आमचे ते आसन जरा हलले आहे. म्हणून हे चरित्र.

भवभूतींनी आपली माहिती आपल्याच नाटकांच्या प्रस्तावनेत थोडी थोडी देऊन ठेवली आहे. गाव विदर्भातले पद्मपूर. कूळ उदुंबर नावाच्या ब्राह्मणांचे, काश्यप गोत्राचे, तैत्तिरीय शाखेचे. घरात अग्निहोत्र, सोमयाग. पाचव्या पिढीमागच्या पूर्वजाने वाजपेय यज्ञ केलेला. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ, आईचे जातुकर्णी. मुलाला श्रीकंठ म्हणत, गुरू ज्ञाननिधी. वेद, उपनिषदे, सांख्य, योग, व्याकरण, मीमांसा असे सगळे शिक्षण झालेले.

आता पाहा, अशा घरातल्या मुलाने काय करावे? यज्ञ करावेत, शिष्य पढवावेत, दक्षिणा घ्यावी. श्रीकंठाने मैत्री केली ती नटांशी! आणि ही गोष्ट लपवून ठेवली नाही, नाटकातच सांगून टाकली. नटांना त्या काळी समाजात कोणती जागा होती हे धर्मशास्त्राची पाने चाळली तर दिसते. त्यांच्या पंक्तीला बसणेही कित्येकांना नको असे. तमाशातल्या माणसाला आपण कालपरवापर्यंत कसे वागवले, तसेच काहीसे समजा. अग्निहोत्र्याचा नातू त्यांच्यात बसे, त्यांच्यासाठी लिही.

दुसरी गोष्ट आम्हाला याहून मोठी वाटते. भवभूतींची तीन नाटके आज उपलब्ध आहेत: महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित. तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे करण्यासाठी आहेत, असे त्यांच्या प्रस्तावनांत स्पष्ट म्हटले आहे. राजाच्या महालाचे तिथे नाव नाही. कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाळ असे काहींचे मत. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो यमुनाकाठच्या काल्पीचा सूर्यदेव ठरवला. देव कोणताही असो, प्रेक्षक यात्रेकरू होते. पायाला फोड आलेले, नवस फेडायला आलेले, घरचे दुःख गाठीला बांधून आलेले लोक. आपल्यासारखेच म्हणा ना.

पुढे कनोजच्या यशोवर्मा राजाचा आश्रय त्यांना मिळाला. काश्मीरच्या कल्हणाने राजतरंगिणीत वाक्पतिराज आणि भवभूती हे दोघे यशोवर्म्याच्या पदरी होते असे लिहिले आहे, आणि त्याच ठिकाणी हेही लिहिले आहे की काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याला पार नमवले. म्हणजे आश्रय मिळाला तोही बुडत्या राज्याचा. इसवी सनाच्या आठव्या शतकाचा तो पूर्वार्ध. विद्वानांकडूनही कवीला सुख नव्हते. आपली हेटाळणी होते, हे मालतीमाधवात त्यांनी तोंडावर सांगितले, आणि आज जाणणारा भेटला नाही तरी पुढे कधीतरी भेटेल, एवढ्या भरवशावर लेखणी चालू ठेवली.

पहिल्या दोन नाटकांविषयी आम्ही येथे थोडक्यातच सांगतो. महावीरचरितात रामाच्या लग्नापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा, मालतीमाधवात दोन तरुण जिवांची प्रेमकथा आणि एक अंगावर काटा आणणारे स्मशान. दोन्हीत विद्वत्ता फार, समास लांबलचक. वाचताना दम लागतो. उत्तररामचरितात मात्र कवी पिकला.

त्याची कथा रामराज्य सुरू झाल्यानंतरची. गरोदर सीतेचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला चित्रे दाखवतो. त्यांच्याच वनवासाची चित्रे भिंतीवर काढून घेतलेली असतात. जुने दुःख रंगात पाहून तिघेही हेलावतात, आणि सीतेला पुन्हा ती वने, ती गंगा पाहावीशी वाटते. ती थकून रामाच्या हातावर डोके ठेवून निजते, आणि त्याच वेळी दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची वार्ता आणतो. पुढचे आपणांस माहीत आहे. निजलेल्या बायकोच्या डोक्याखालचा हात राम काढून घेतो.

मग बारा वर्षे जातात. राम राज्य करतो. राजाला चारचौघांत रडता येत नाही. मधल्या अंकात शंबूकवधाचा प्रसंग येतो. तपश्चर्या केली म्हणून शूद्राला मारावे हे चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवणाऱ्या आम्हा लोकांना पटणारे नाही, आणि कवीने तिथे रामाचा हात थरथरवला असला तरी ते डाग म्हणून राहतेच. त्यावर पांघरूण घालण्याचे आम्हाला कारण नाही.

त्याच प्रवासात राम पंचवटीला येतो. गंगेच्या वराने सीता तिथे असते, पण कुणाच्या डोळ्यांस दिसत नाही. ओळखीची झाडे, ओळखीचे मोर पाहून राम मूर्च्छित पडतो, आणि न दिसणाऱ्या हाताच्या स्पर्शाने सावध होतो. बारा वर्षे कोंडलेले रडू तिथे पहिल्यांदा फुटते. टाकून दिलेली बायको जवळ उभी राहून ते ऐकते आणि तिच्या मनातला सल थोडा थोडा निघतो. असा प्रसंग आम्ही दुसऱ्या कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही.

शेवटचा अंक तर नीट ध्यानात घ्या. वाल्मीकी ऋषींनी रामकथेतला एक भाग नाटक म्हणून रचला आहे. तो बसवायला भरतमुनींकडे पाठवला, आणि वाटेत सोबतीला कुश गेला. आता गंगेच्या काठी सारी प्रजा, देव, दैत्य सगळे बसले आहेत. अप्सरा नाटक करतात आणि समोर राम प्रेक्षक होऊन बसला आहे. नाटकात काय? सीतेला अरण्यात सोडल्यावर जे झाले ते. ती गंगेत उडी घेते, जुळी मुले होतात, पृथ्वी आणि भागीरथी तिला सावरतात. राम भान विसरून ओरडतो. लक्ष्मण त्याला सांगतो की दादा, हे नाटक आहे. पण त्याला कुठले ऐकू येते! तो कोसळतो, आणि तेवढ्यात गंगेतून खरी सीता वर येते. अरुंधती जमलेल्या लोकांना विचारते, आणि ज्या लोकांनी कुजबुज केली होती तेच लोक हात जोडतात. सीता रामाला हात लावून उठवते. मग वाल्मीकी कुशलवांना पुढे आणतात.

मूळ रामायणात असे होत नाही हे तुम्ही म्हणालच. तिथे सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतींनी शेवट बदलला. हे खोटे झाले काय? आमच्या मनात हा प्रश्न पुष्कळ दिवस होता. मग लक्षात आले की बारा वर्षांतला एकही अश्रू कवीने गाळलेला नाही. दुःख कमी करून दाखवले असते तर ते खोटे. त्यांनी दुःख पुरते दाखवले आणि मगच गंगेतून सीता वर काढली. आणखी एक. प्रजेची चूक तिला कोणी उपदेश करून सांगितली नाही. वसिष्ठांचे वचन, राजाज्ञा, काही कामास आले नसते. तिच्यापुढे नाटक केले. स्वतः वाल्मीकींना नाटकाचा आसरा घ्यावा लागला, असे एक वेदशास्त्रसंपन्न माणूस लिहितो, आणि यात्रेतल्या लोकांपुढे लिहितो! त्या यात्रेतही टाकलेल्या बायका असतील, आणि टाकणारे पुरुषही असतील. घरी जाताना त्यांच्या मनात काय आले असेल, हा विचार आमचा पिच्छा सोडत नाही. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा मागे बसलेल्या म्हातारीच्या पदरात जे होते तेच हे.

असो. भवभूतींचा अंत कुठे आणि कसा झाला हे कुठे लिहिलेले नाही. त्यांचे गावही लोक विसरले. विसाव्या शतकात मिराशींनी छत्तीसगडात दुर्गकडे सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटातले पद्मपूर आणि आमगावजवळचे पदमपूर एकच, असे दाखवले, आणि तेच भवभूतींचे गाव म्हटले. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता; 1 मे 1999 पासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आमगावात आज भवभूतींच्या नावाचे महाविद्यालय आहे. मराठीत उत्तररामचरित परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकातच आणले होते. जाणणारा पुढे भेटेल असे मानणाऱ्या कवीला अकराबाराशे वर्षांनी असे लोक भेटले.

2020 साली करोनाच्या साथीत पंढरीची वाट बंद झाली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून गेल्या, 2021 सालीही तसेच. त्याच दिवसांत झाडीपट्टीची नाटकेही थांबली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ज्या कलावंतांचे वर्षाचे पोट त्या दिवाळीनंतरच्या हंगामावर असते, ते घरी बसले. 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली. मंडयाही भरल्या, पडदेही उघडले.

औंदा धान कसे येते ते पाहायचे. पण मंडईच्या बैठकीत आमचे मत विचारले, तर नाटक ठेवा असे आम्ही सांगू. पुढच्या रांगेत टाळकऱ्यांसाठी सतरंजी टाका म्हणजे झाले. आणि ज्यांना तिथून आमगाव जवळ आहे त्यांनी सकाळी घरी जाण्याआधी पदमपुरावरून जावे.