सर हम्फ्री डेव्ही : दोन धातूंच्या सांध्यात बॅटरी ओळखणारा माणूस

समजा तुम्ही तुमच्या गाडीसाठी एक कस्टम ब्रॅकेट बनवून घेतलाय. वजन कमी हवं म्हणून ॲल्युमिनियमचा, आणि तो बसवायचाय स्टीलच्या चॅसीवर. सरळ वेल्ड मारता येत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, स्टीलला साधारण १५०० अंश लागतात, आणि दोन्ही एकत्र वितळली तर सांध्यात काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. म्हणून बोल्ट लावतात. एक-दोन पावसाळे गेले की बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, आणि मग ब्रॅकेटच खायला सुरुवात होते. स्टील मात्र बऱ्यापैकी ठणठणीत!

हे का होतं आणि थांबवायचं कसं, याचं पहिलं नीट उत्तर २०० वर्षांपूर्वी एका माणसाने दिलं. गंमत म्हणजे ॲल्युमिनियमचं बारसंही त्यानेच केलं होतं, तो धातू डोळ्यांनी न बघता.

हम्फ्री डेव्हीचा जन्म १७७८ साली इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले आणि हम्फ्री एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. रसायनशास्त्र तो जवळजवळ स्वतःच शिकला. विशीत ब्रिस्टलच्या एका संस्थेत वेगवेगळे वायू स्वतःच हुंगून बघण्याचं काम त्याने केलं. हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्याने तिथेच अभ्यासला. शस्त्रक्रियेत दुखणं कमी करायला तो वापरता येईल असं त्याने लिहूनही ठेवलं, पण पुढची ४० वर्षं डॉक्टरांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त आणि दुसऱ्या एका धातूच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये खारवलेल्या पाण्याचा पुठ्ठा ठेवून, वीज तयार केली. ही पहिली बॅटरी. पुढच्याच वर्षी डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि या बॅटरीने त्याला अक्षरशः झपाटलं. १८०७ मध्ये त्याने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं काढलं, काही दिवसांतच सोडियम. पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. ॲल्युमिनियम काही हाती लागलं नाही, पण तुरटीत एक धातू दडलाय याची खात्री असल्याने त्याने नाव मात्र देऊन ठेवलं.

१८१२ मध्ये तो सर झाला. १८१३ मध्ये त्याने एका लोहाराच्या मुलाला, बुकबाइंडरकडे काम शिकलेल्या मायकेल फॅरेडेला, मदतनीस म्हणून घेतलं. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सेफ्टी लॅम्प बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आपला विषय सुरू होतो तो त्यानंतर.

ब्रिटिश आरमार लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवायचं, म्हणजे लाकूड पोखरणारे किडे लागत नसत. १७६१ मध्ये एचएमएस अलार्म या जहाजावर हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा दोनेक वर्षांत लोखंडी खिळे सडून गेले. फक्त ज्या खिळ्यांखाली पत्र्याच्या पॅकिंगचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, ते शाबूत होते. आजच्या भाषेत तो कागद म्हणजे इन्सुलेटिंग वॉशर. पुढे खिळे बदलले, पण समुद्राच्या पाण्यात तांबंच झिजायचं. १८२३ मध्ये आरमाराने डेव्हीला विचारलं : तांबं भेसळीचं आहे का?

डेव्हीने प्रश्नच उलटा केला. त्याला दिसली ती व्होल्टाची बॅटरी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की त्यातला जास्त चपळ धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. तांब्याला लोखंड भेटलं तर लोखंड मरतं. मग तांबं वाचवायचं असेल तर मरायला दुसरं कोणीतरी जोडून द्या! त्याने प्रयोग केले. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा ४०-५० चौरस इंच तांबं राखू शकत होता. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या ४०व्या ते १५०व्या भागाएवढं जस्त किंवा लोखंड असलं की झीज जवळजवळ थांबत होती. १८२४ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

आरमाराने जहाजांना बिडाचे ठोकळे लावायला सुरुवात केली. त्यात कोचीनला बांधलेलं सागवानी सॅमरंगही होतं. तांबं खरंच वाचलं. पण जहाजं परत आली तेव्हा तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर! झालं असं, की तांबं थोडंथोडं विरघळत होतं म्हणूनच ते विष पसरून जीव दूर ठेवत होतं. डेव्हीने ती झीजच थांबवली. शिवाय वाचलेल्या तांब्यावर चुनखडीसारखा थर जमत होता, त्यावर शिंपले आणखी पक्के बसले. जहाजं मंदावली. १८२५ मध्ये समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून हे ठोकळे काढायचा हुकूम आला, आणि त्याची जाहीर थट्टा झाली. माझ्या मते ही थट्टा अन्यायाची होती. झीज थांबवा एवढंच त्याला सांगितलं होतं आणि ते त्याने केलं. पण पूर्ण जहाज न बघता उत्साहाने पुढे गेला, हेही खरं. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला, १८२७ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय अवघं ५०.

ठोकळ्याची कल्पना मात्र टिकली. पोलादी जहाजं आली, त्यांना शेवाळाविरुद्ध वेगळा रंग मिळाला, आणि जस्ताचे ठोकळे त्यांच्या तळाला पुन्हा चिकटले. गाडीच्या बॉडीचा गॅल्व्हनाइज्ड पत्राही तोच हिशेब करतो : ओरखडा पडला तर आधी जस्त जातं.

आता आपला ब्रॅकेट. इथे स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम चपळ, म्हणून तेच खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती स्लीव्ह टाका, म्हणजे अलार्मवरचा तपकिरी कागदच. बोल्ट जस्ताचा मुलामा असलेला घ्या, कारण जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्यात फारसं वैर नाही. आणि डेव्हीचं क्षेत्रफळाचं गणित इथे उलटं लावा. मोठ्या ॲल्युमिनियममध्ये छोटा स्टीलचा बोल्ट एकवेळ चालतो, पण मोठ्या स्टीलच्या पत्र्यात छोटी ॲल्युमिनियमची रिव्हेट म्हणजे तिची फाशीच. रंग दोन्हींना द्या. एकालाच द्यायचा असेल तर स्टीलला. फक्त ॲल्युमिनियम रंगवलंत आणि त्यावर नखाएवढा ओरखडा आला, तर सगळी झीज त्या ओरखड्यातून आत शिरते आणि आरपार भोक पाडते.