दोन डोळ्यांचे रहस्य उलगडणारा संशोधक

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना सर चार्ल्स व्हीटस्टन हे नाव परिचित असते ते विद्युतरोध मोजणाऱ्या ‘व्हीटस्टन ब्रिज’मुळे. वास्तविक ही मांडणी सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ मध्येच केली होती आणि व्हीटस्टन यांनी त्याचे श्रेय मोकळेपणाने त्यांना दिले होते. दैवाचा खेळ असा, की जो शोध नि:संशय त्यांचा स्वत:चा, त्याच्या श्रेयासाठी मात्र त्यांना झगडावे लागले.

व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरजवळ, वाद्यनिर्मात्यांच्या घराण्यात झाला. कॉन्सर्टिना हे वाद्य त्यांचेच. १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. परंतु स्वभाव कमालीचा संकोची. त्यांचे शोध अनेकदा मायकेल फॅरडे यांनीच व्याख्यानांतून लोकांपुढे मांडले.

१८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. दोन्ही डोळ्यांना दिसणारी दृश्ये किंचित भिन्न असतात आणि त्या भेदातूनच मेंदूला खोलीची जाणीव होते, हे त्यांनी दाखवून दिले. काटकोनात जोडलेले दोन आरसे आणि दोन बाजूंना समोरासमोर ठेवलेली दोन रेखाचित्रे, एवढाच त्यांच्या स्टिरिओस्कोपचा सरंजाम. छायाप्रकाशाचा आधार नसलेल्या निव्वळ रेषाही त्यात घनरूप भासत. छायाचित्रण जगापुढे आले ते पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये. त्यानंतर व्हीटस्टन यांच्यासाठी छायाचित्रांच्या जोड्या तयार होऊ लागल्या.

१८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप पुढे आणला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तो घरोघरी पोहोचला. ब्रूस्टर यांनी पुढे व्हीटस्टन यांच्या अग्रहक्कालाच आव्हान दिले. १८५६ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये दोघांचा पत्रव्यवहार गाजला. एरवी व्याख्यानाला बिचकणाऱ्या व्हीटस्टन यांनी येथे मात्र लेखणी उचलली. ब्रूस्टर यांचा दावा पुढे टिकला नाही.

भिंगांच्या यंत्राला एक मर्यादा होती. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. शेजारी शेजारी ठेवलेली चित्रे त्याहून फार रुंद असून चालत नाही. विसाव्या शतकात जर्मन ‘रोलायडोस्कोप’ आणि सोव्हिएत ‘स्पुतनिक’ या कॅमेऱ्यांनी ही मर्यादाच सोयीची ठरवली. दोन भिंगांतून एकाच वेळी रोलफिल्मवर सहा सेंटिमीटरची दोन चौरस चित्रे उमटत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या नेहमीच्या चौकटीहून त्यांचे क्षेत्रफळ साडेतीन पटींपेक्षा अधिक. त्यामुळे तपशील विलक्षण. तंत्र मात्र व्हीटस्टन यांच्या तत्त्वाचेच: दोन भिंगांतील अंतर जवळच्या वस्तूसाठी कमी, दूरच्या डोंगरासाठी जास्त ठेवायचे. सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, हा छायाचित्रकारांचा ढोबळ आडाखा.

१८६८ मध्ये व्हीटस्टन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. विमानातून टिपलेली वीतभर रुंदीची छायाचित्रे पाहून भूरचना अभ्यासण्याची वेळ आली, तेव्हा भिंगांचे छोटे यंत्र अपुरे पडले. भूशास्त्राच्या प्रयोगशाळांत पुन्हा आरशांचाच स्टिरिओस्कोप आला. ज्याला अवजड म्हणून बाजूला सारले गेले, त्याच कल्पनेने डोंगरदऱ्यांची उंची-खोली टेबलावर उभी केली.