शुश्रूषेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई

वर्धापनदिनाच्या या अंकासाठी काही लिहावे असे मंडळाने सांगितले, तेव्हा श्रीमती रमाबाई रानडे यांचेच चरित्र माझ्या मनात आले. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्यांना सारेच ओळखतात. पण आपल्या घरांतील मुलींना परिचारिकेचा पेशा मोकळा करून देण्यासाठी त्यांनी जे केले, ते फारसे सांगितले जात नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना स्वतः शिकविण्यास सुरुवात केली, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष रमाबाईंच्या वाट्याला आला. टोमणे, अबोला, कामांचा डोंगर हे सारे त्यांनी मुकाट्याने सोसले. उलट उत्तर केले नाही, आणि अभ्यासही सोडला नाही. घरात राहून, माणसे न तोडता, आपला निश्चय पुरा करण्याची ही शिकवण त्यांना पुढे फार उपयोगी पडली असे मला वाटते.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. वर्षभर त्यांनी एकान्तात काढले. मग दुःख बाजूला ठेवून त्या लोकांच्या कामाला लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटत. आळंदीच्या यात्रेत स्वयंसेविका घेऊन जात आणि बाया-बापड्यांची सेवा करीत. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले. संस्थेचा आरंभ रानड्यांच्या वाड्यातच झाला.

शिवण, भरतकाम, अध्यापन यांचे वर्ग लोकांनी गोड मानून घेतले. परंतु ससून रुग्णालयात मुलींना शुश्रूषेचे शिक्षण देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मात्र कठीण पडले. त्या काळी नर्सचे काम बहुतेक अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती स्त्रियाच करीत. कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, परक्या पुरुषाची सेवा करायची, रात्रपाळी करायची. हे कुलीन स्त्रीला शोभत नाही, असा समज घरोघर होता. घरात सासऱ्याचे पाय चेपणे हा धर्म, आणि तेच काम रुग्णालयात केले की हलके, असा हा विलक्षण न्याय! रमाबाईंनी लोकांशी वाद घातला नाही. मुलींच्या राहण्याजेवणाची सुरक्षित सोय केली आणि स्वतःच्या नावाची हमी त्यांच्या पाठीशी उभी केली. रानड्यांच्या घरची बाई सांभाळते आहे म्हटल्यावर आईबापांचा धीर वाढला. अनेक विधवांना स्वतःची भाकरी आणि समाजात स्थान मिळाले.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यास एक केशवपन केलेली वयस्क विधवा व्यासपीठावर आली. गॅलरीतील कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपास उठल्या त्या संतापानेच. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी दुर्दैवी आई-बहीण असताना हसू कसे येते, आणि अशांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी मुलांना खडसावले. मुले खजील झाली. आपली बाजू घेऊन असे कोणी भर सभेत बोलते, हे त्या बाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले असेल.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. सेवासदनाची शाखा पुढे आपल्या सोलापुरातही निघाली, आणि तिच्या शाळेत शिकलेल्या कितीतरी जणी आपल्या ओळखीच्या असतील. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनमध्ये १९४१ साली जिच्याशी विवाह केला, ती क्वो छिंगलानही शुश्रूषा शिकविणारीच होती.

आता काळ बदलला. बारावीनंतर चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम.चा अभ्यासक्रम करता येतो. दोन वर्षांचा ए.एन.एम.ही आहे. २०२० च्या करोनाच्या साथीत जवळचे नातेवाईकही दूर उभे होते, तेव्हा रोग्याच्या तोंडात पाण्याचा घोट घालणाऱ्या परिचारिकाच होत्या. तरीही मुलीने हे नाव काढले की रात्रपाळीचे काय, लग्न जमेल का, असे प्रश्न आपण विचारतोच. ते अगदी खोटे नाहीत. काम अंगमोडीचे आहे, उभे राहून पाय सुजतात, आणि काही खासगी ठिकाणी पगारही तोकडा असतो. म्हणून पाठविण्यापूर्वी महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे का, वसतिगृह कसे आहे, शिकण्यासाठी रुग्णालय जोडलेले आहे का, हे जरूर पाहावे. ज्या मुलीला रक्त पाहून घेरी येते तिला बळेच ढकलू नये. पण जिच्या मनात ही ओढ आहे, तिला लोक काय म्हणतील एवढ्याच कारणाने अडवू नये. ज्या भीतीला रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी तोंड दिले, ती आपण आपल्या लेकींच्या वाटेत पुन्हा उभी करू नये, एवढीच माझी मंडळातील भगिनींना विनंती आहे.