बॉबी लॉक

आर्थर डार्सी लॉक, प्रचलित नाव बॉबी लॉक (२० नोव्हेंबर, १९१७, जर्मिस्टन, दक्षिण आफ्रिका – ९ मार्च, १९८७, जोहान्सबर्ग, दक्षिण आफ्रिका) हे दक्षिण आफ्रिकेचे व्यावसायिक गोल्फपटू होते. ब्रिटनमधील ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील सर्वांत जुनी प्रमुख स्पर्धा त्यांनी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ अशी चार वेळा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले दक्षिण आफ्रिकी खेळाडू होत. १९४७ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेत उतरून त्यांनी पहिल्याच हंगामात मिळवलेले यश आणि त्यानंतर दोन वर्षांनी तेथील संघटनेने त्यांच्यावर घातलेली बंदी या त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या घटना आहेत. चेंडू हलक्या फटक्याने होलमध्ये ढकलण्याच्या, म्हणजे पटिंगच्या कौशल्यात त्यांची गणना इतिहासातील श्रेष्ठ खेळाडूंमध्ये होते.

सुरुवातीचे जीवन

लॉक यांचा जन्म जोहान्सबर्गजवळील जर्मिस्टन या गावी झाला. लहानपणापासून ते गोल्फ खेळत. १९३५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी हौशी खेळाडू म्हणून खेळताना त्यांनी दक्षिण आफ्रिकन ओपन स्पर्धा जिंकली. पुढे त्यांनी ही स्पर्धा एकूण नऊ वेळा जिंकली. १९३६ मध्ये ते प्रथमच ब्रिटनमधील ओपन चॅम्पियनशिपमध्ये खेळले आणि हौशी खेळाडूंमध्ये अव्वल ठरले. त्या काळात दक्षिण आफ्रिकेतील प्रमुख गोल्फ क्लब व स्पर्धा केवळ श्वेतवर्णीयांसाठी खुल्या होत्या. लॉक यांची देशांतर्गत कारकीर्द याच व्यवस्थेत घडली.

१९३८ मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळाडू म्हणून कारकीर्द सुरू केली. त्याच वर्षी त्यांनी आयर्लंड आणि न्यूझीलंड या देशांच्या ओपन स्पर्धाही जिंकल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांच्या खेळात खंड पडला. युद्धकाळात ते दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक होते.

अमेरिकेकडे प्रयाण

युद्धानंतरची पहिली ओपन चॅम्पियनशिप १९४६ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे झाली. अमेरिकेचे सॅम स्नीड विजेते ठरले, तर लॉक संयुक्तपणे दुसऱ्या क्रमांकावर राहिले. यानंतर स्नीड दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले आणि त्यांच्यात व लॉक यांच्यात सोळा प्रदर्शनीय सामन्यांची मालिका झाली. त्यांपैकी बारा सामने लॉक यांनी जिंकले. अमेरिकेच्या अग्रगण्य खेळाडूला इतक्या फरकाने हरवल्यानंतर तेथील स्पर्धामालिकेत आपला निभाव लागेल याविषयी शंका उरली नाही आणि स्नीड यांच्याच प्रोत्साहनाने लॉक यांनी अमेरिकेला जाण्याचा निर्णय घेतला.

त्या काळी अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटू आठवड्यागणिक एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवास करीत. बक्षिसाची रक्कम हेच उत्पन्नाचे मुख्य साधन असल्याने प्रत्येक स्पर्धेतील क्रमांकावर खेळाडूचा उदरनिर्वाह अवलंबून असे. परदेशी खेळाडू या मालिकेत क्वचितच दीर्घकाळ टिकत. मैदानांवरील गवत, हवामान आणि प्रवासाची दगदग या सर्वांशी त्यांना अल्पावधीत जुळवून घ्यावे लागे.

१९४७ चा हंगाम

लॉक एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकेत पोहोचले, तेव्हा हंगाम सुरू होऊन काही महिने लोटले होते. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत ते संयुक्त चौदाव्या क्रमांकावर राहिले. यानंतर मात्र त्यांनी पाच आठवड्यांच्या अवधीत चार स्पर्धा जिंकल्या. ह्यूस्टन आणि फिलाडेल्फिया येथील स्पर्धांचा त्यांत समावेश होता. यू.एस. ओपनमध्ये त्यांना संयुक्त तिसरा क्रमांक मिळाला. पुढे शिकागोजवळील टॅम ओ'शँटर मैदानावरील ऑल अमेरिकन ओपन ही मोठ्या बक्षिसाची स्पर्धा त्यांनी जिंकली. त्याच वर्षी कॅनेडियन ओपनचे विजेतेपदही त्यांनी पटकावले. उशिरा येऊनही वर्षअखेरीस बक्षिसाच्या एकूण रकमेत ते जिमी डेमारेट यांच्या खालोखाल दुसऱ्या स्थानावर होते.

१९४८ मध्ये त्यांनी शिकागो व्हिक्टरी नॅशनल ही स्पर्धा तब्बल सोळा फटक्यांच्या फरकाने जिंकली. अमेरिकेतील मालिकेतील सर्वांत मोठ्या विजयी फरकाच्या विक्रमात या विजयाचा आजही संयुक्तपणे समावेश होतो. सुमारे अडीच वर्षांत ते अमेरिकेत ५९ स्पर्धा खेळले. त्यांपैकी ११ त्यांनी जिंकल्या आणि निम्म्याहून अधिक स्पर्धांमध्ये ते पहिल्या तिघांत राहिले.

बंदी

जुलै १९४९ मध्ये लॉक यांनी रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर आपली पहिली ओपन चॅम्पियनशिप जिंकली. नव्या विजेत्याला ब्रिटन व युरोपमध्ये प्रदर्शनीय सामन्यांसाठी मोठी मागणी होती. त्यामुळे अमेरिकेतील काही स्पर्धांत खेळण्याचे आधी मान्य करूनही ते तेथे गेले नाहीत. हा वचनभंग ठरवून अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, म्हणजे पीजीएने, त्यांच्यावर बंदी घातली.

संघटनेच्या दृष्टीने प्रश्न शिस्तीचा होता. स्पर्धांचे आयोजक नामांकित खेळाडूंच्या नावावर तिकिटे विकत आणि ऐनवेळच्या माघारीमुळे त्यांचे नुकसान होत असे. परंतु बंदीचे खरे कारण वेगळे असल्याचे मत त्या काळच्या काही अमेरिकी खेळाडूंनीही व्यक्त केले. परदेशातून आलेला एक खेळाडू सातत्याने बक्षिसे घेऊन जातो हे मालिकेतील अनेकांना सहन होत नव्हते, असा या मताचा आशय होता. बंदी १९५१ मध्ये उठवली गेली. त्या वर्षी यू.एस. ओपनमध्ये लॉक तिसरे आले. तथापि, पूर्ण हंगाम खेळण्यासाठी ते पुन्हा अमेरिकेत गेले नाहीत. अमेरिकेतील एकही प्रमुख अजिंक्यपद त्यांच्या नावावर नाही.

ओपन चॅम्पियनशिपमधील यश

१९४९ – रॉयल सेंट जॉर्जेस, २८३ फटके. आयर्लंडचे हॅरी ब्रॅडशॉ यांच्याशी बरोबरी झाल्यावर ३६ होलच्या निर्णायक लढतीत बारा फटक्यांनी विजय. दुसऱ्या फेरीत ब्रॅडशॉ यांचा चेंडू फुटक्या बाटलीत जाऊन पडला होता. पंचांच्या निर्णयाची वाट न पाहता त्यांनी तो तसाच मारला आणि त्या होलवर त्यांचे फटके वाढले.

१९५० – ट्रून, २७९ फटके. स्पर्धेतील तोपर्यंतची ही नीचांकी, म्हणजे सर्वोत्तम, फटकेसंख्या होती.

१९५२ – रॉयल लिदम, २८७ फटके. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांच्यावर एका फटक्याने विजय.

१९५७ – सेंट अँड्र्यूज, २७९ फटके. थॉमसन यांच्यावर तीन फटक्यांनी विजय.

१९४९ ते १९५८ या दहा वर्षांतील आठ ओपन अजिंक्यपदे लॉक आणि थॉमसन यांनी प्रत्येकी चार अशी वाटून घेतली.

१९५७ च्या विजयानंतर एक वाद उद्भवला. शेवटच्या होलवर दुसऱ्या खेळाडूच्या वाटेत येऊ नये म्हणून लॉक यांनी आपल्या चेंडूची खूण बाजूला सरकवली होती. मात्र ती मूळ जागी परत न ठेवताच त्यांनी अखेरचा फटका मारला. चित्रफितीत ही चूक नंतर उघड झाली. तीन फटक्यांची आघाडी असल्याने त्यांना या चुकीचा कोणताही लाभ झाला नाही, असे ठरवून स्पर्धा समितीने निकाल कायम ठेवला.

खेळाची शैली

लॉक जवळजवळ प्रत्येक फटका उजवीकडून डावीकडे वळवून मारीत. चेंडू प्रथम लक्ष्याच्या बराच उजवीकडे जाई आणि वळून पुन्हा मार्गावर येई. या पद्धतीवर अमेरिकेत सुरुवातीला टीका झाली, परंतु निकालांनी ती थांबवली. पटिंगसाठी ते लाकडी दांड्याचा, गंजलेल्या पात्याचा एक जुना पटर वापरीत आणि कारकीर्दभर त्यांनी तो बदलला नाही. गुडघ्याखाली आवळलेली सैल विजार, पांढरा सदरा, टाय आणि पांढरी टोपी हा त्यांचा ठरलेला वेश होता. त्यांची चाल संथ असे आणि स्पर्धेच्या ताणातही ती बदलत नसे. फटक्यांमध्ये ते बराच वेळ घेत असल्याची तक्रार प्रतिस्पर्धी करीत.

उत्तरायुष्य आणि सन्मान

१९५७ च्या विजेतेपदानंतर काही वर्षांतच रेल्वे फाटकावर आगगाडीची धडक बसून झालेल्या मोटार अपघातात लॉक गंभीर जखमी झाले. त्यानंतर अर्धशिशी आणि दृष्टिदोष यांनी त्यांना ग्रासले. ज्या अचूक नजरेवर त्यांचे पटिंग अवलंबून होते तीच अधू झाल्याने स्पर्धात्मक खेळातील त्यांचे स्थान संपुष्टात आले.

१९७७ मध्ये त्यांचा वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अमेरिका व ब्रिटनबाहेरील खेळाडूंपैकी हा मान त्यांच्या आधी केवळ त्यांचेच देशबंधू गॅरी प्लेअर यांना मिळाला होता. ९ मार्च, १९८७ रोजी जोहान्सबर्ग येथे वयाच्या ६९ व्या वर्षी लॉक यांचे निधन झाले. प्लेअर यांच्यापासून पुढे अमेरिकेतील मालिकेत पूर्ण हंगाम खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या वाढत गेली. लॉक यांचा १९४७ चा हंगाम हा त्या वाटचालीचा महत्त्वाचा प्रारंभबिंदू मानला जातो.